डॉक्टर म्हणत होते हळू, मामा म्हणत होता जोरात

पत्राचा सारांश: लिहिणारे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात आपत्कालीन रुग्णवाहिका चालवतात. वय ३६, या कामात आठ वर्षं झाली. पोळ्याच्या चार दिवस आधी पहाटे एका पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, कॉल आला. अकरा वर्षांची मुलगी, अंथरुणात मण्यार निघालेली. रपट्यावरून पाणी जात होतं, म्हणून मुलीला खाटेवर घालून नाल्यापलीकडे आणावं लागलं. गाडीतल्या डॉक्टरांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबून सापाच्या विषावरचं औषध सुरू करून घेतलं, मग गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी निघाली. रुग्णालय अकरा किलोमीटरवर असताना आरशात दिसलं की डॉक्टरांनी श्वासाची पिशवी सोडून छाती दाबायला घेतली आहे. मुलगी गेली. वाटभर डॉक्टर मागून "हळू घे रे" म्हणत होते, शेजारी बसलेला मुलीचा मामा "जोरात घ्या" म्हणत होता. उतरताना मामा म्हणाला, "जोरात घेतली असती त वाचली असती पोरगी." तेव्हापासून यांची झोप उडाली आहे. रिकामी गाडीही वेगात जाते, डॉक्टर रागावतात. बायको म्हणते, सोडा हे, शाळेची बस चालवा. त्यांचे प्रश्न तीन: गाडी आणखी जोरात घ्यायला हवी होती का? आरोग्य केंद्रात थांबलो ते चुकलं का? आणि हे काम सोडू का? ताजा कलम: पोडावर एकदा जाऊन यावंसं वाटतं, जाऊ की नको?

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसले. आठ वर्षं लॉगबुक भरायची सवय तुम्हाला, त्यामुळे प्रत्येक वेळ मिनिटासकट लिहिली आहे. कॉल ४:२० ला. नाल्यापाशी ४:५५. मुलगी गाडीत ५:२० ला. आरोग्य केंद्रात ५:४५, तिथून निघालात ६:१० ला. छाती दाबायला सुरुवात ६:५५. आणि मामाकडून नंतर कळलेल्या दोन वेळा: पोट दुखतं म्हणून मुलगी उठली ती दोनच्या सुमारास, साप दिसला तीनला.

आता मी एक रुक्ष काम करणार आहे. हिशेब. रागवू नका, तुमच्या पहिल्या प्रश्नाला मला दुसरं उत्तर सुचत नाही.

आरोग्य केंद्रापासून जिल्ह्याचं रुग्णालय ५२ किलोमीटर, असं तुम्ही लिहिलंय. पंचेचाळीस मिनिटांत एक्केचाळीस किलोमीटर कापलेत, म्हणजे सरासरी ५५ चा वेग. पावसात, पहाटे, त्या खड्ड्यांतून. सरासरी ६५ ठेवली असती तर पूर्ण अंतराला ४८ मिनिटं, म्हणजे रुग्णालयाच्या फाटकात ६:५८ ला. तिचं हृदय थांबलं ६:५५ ला. ७५ ची सरासरी ठेवली असती तर मात्र ६:५२ ला पोचला असता. हे लपवत नाही, कारण तुम्हीही रात्री जागून हाच हिशेब केला असणार आणि याच तीन मिनिटांपाशी अडकला असणार.

पण ७५ ची सरासरी म्हणजे काय, हे मी चालकाला सांगायला नको. गावातून, ढोरांमधून, गतिरोधकांवरून जाऊन ७५ ची सरासरी पडायला मोकळ्या पट्ट्यात शंभरावर जावं लागतं. आणि मागे तेव्हा काय चाललं असतं? एक डॉक्टर, एकटे, पट्टा न लावता उभे. डाव्या हातानं मुलीच्या तोंडावर मास्क दाबून धरलेला, उजव्या हातानं पिशवी दाबतायत. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच हवा छातीत जाते. गाडी उसळली की मास्क सरकतो आणि हवा गालावरून निघून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं पिशवी दाबली गेली. मुलीला तो श्वास मिळालेलाच नसतो. डॉक्टर "हळू घे रे" म्हणत होते ते स्वतःला धक्के बसतात म्हणून नाही. त्यांच्या हातातून श्वास निसटत होते.

मण्यारीचं विष कसं काम करतं, ते कदाचित तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. ही जात रात्रीची. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बहुतेक वेळा दुखतही नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. पोटात दुखतं, घसा धरल्यासारखा होतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान टाकली जाते आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हृदय चालू असतं. पुष्कळदा माणूस शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येत असतं, फक्त डोळा उघडता येत नाही. बाहुल्या ताठलेल्या दिसल्या म्हणून नातेवाईक रडारड सुरू करतात, आणि नवखा डॉक्टरही फसतो. अशा रुग्णाला कुणी दिवस-दोन दिवस, कधी त्याहूनही जास्त, श्वास देत राहिलं तर तो उठून घरी जातो. मी असे घरी गेलेले पाहिले आहेत. त्यामुळे त्या गाडीत सगळ्यात मोलाची वस्तू होती ती डॉक्टरांच्या हातातली रबरी पिशवी. अ‍ॅक्सिलरेटरचा नंबर तिच्यानंतर.

इथे मला तुमच्या आणि मामाच्या, आणि खरं तर आपल्या सगळ्यांच्याच डोक्यातल्या एका समजुतीला हात घालायचा आहे. रुग्णवाहिका म्हणजे धावणारी गाडी, जितकी जोरात तितकी चांगली. 'गोल्डन अवर' हा शब्द पोस्टरांवरून इतका फिरला की सगळ्या आजारांना एकच घड्याळ लावलं गेलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं या तासाची व्याख्या घातली, ती जखमेपुरती आहे: इजा झाल्यानंतरचा एक तास. समृद्धी महामार्गावर गाडी उलटून पोटात रक्तस्राव होत असेल तर खरंच थांबायचं नाही. बाहेरचं रक्त दाबून बांधा, उचला, निघा. तिथे तुमच्या वेगाला किंमत आहे.

पण याच गाडीत असे कॉल येतात की थांबणं हाच उपचार असतो. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसवर गेला की तेंदूपत्त्याच्या फडावर, वीटभट्टीवर माणूस बडबडत कोसळतो, अंग तव्यासारखं. त्याला तसाच गाडीत कोंबून तासभर पळवलं तर वाटेत मेंदू शिजतो. आधी सावलीत, कपडे सैल, अंगावर पाणी, पंख्याचा वारा, आणि मग निघायचं, पाणी मारतच. बाळंत होणाऱ्या बाईच्या बाळाचं डोकं दिसायला लागलं असेल तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन उभी करायची. तिसरा प्रसंग फवारणीचा, आणि तो यवतमाळकरांना सांगायला नको. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. अशा माणसाच्या अंगावरचे कपडे म्हणजे चालू असलेला विषाचा नळ. आधी हातमोजे घाला, कपडे काढा, साबणपाण्यानं अंग आणि केस धुवा. त्यात दहा मिनिटं जातात. न धुता निघालात तर तासभर विष कातडीतून मुरत राहतं, आणि बंद गाडीत तुमच्या आणि डॉक्टरांच्याही नाकात जातं. खिडक्या उघड्या ठेवा.

हे वाचून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं मिळालं असेल. आरोग्य केंद्रात २५ मिनिटं का गेली? सापाच्या विषावरचं औषध बहुतेक ठिकाणी पावडर असलेल्या कुप्यांत येतं. एकेका कुपीत दहा मिलिलिटर पाणी घालायचं आणि कुपी तळहातात धरून हळूहळू फिरवायची. घाईनं हलवली की नुसता फेस. आणि सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. लहान मुलालाही मोठ्यांइतक्याच, कारण सापानं विष सोडताना वय विचारलेलं नसतं. एक नर्स आणि एक डॉक्टर, दोघांनी मिळून दहा कुप्या विरघळवायच्या, शीर शोधायची, सलाईनमधून औषध चालू करायचं, रिअ‍ॅक्शन येते का ते बघायचं. २५ मिनिटं मला जास्त वाटत नाहीत. न थांबता निघाला असता तर पुढचे ५२ किलोमीटर ती औषधाशिवाय गेली असती. तेही वाईटच झालं असतं.

मात्र एक कबूल करते. मण्यारीचं विष एकदा नसेच्या टोकाशी जाऊन बसलं की औषध ते सोडवू शकत नाही, नव्यानं बसू पाहणाऱ्या विषालाच अडवतं. म्हणून ते जितकं लवकर तितकं बरं. दोनला दिलं असतं आणि पावणेसहाला दिलं, यात फार फरक. आणि तो फरक पडला तुमचा फोन वाजण्याआधी. दोनपासून ४:२० पर्यंत १४० मिनिटं. ती गाडीत असताना चाकं फिरली एकूण सत्तर मिनिटं.

या १४० मिनिटांवरून त्या घराला बोल लावू नका, आणि मनातल्या मनातही लावू नका. लेकराचं पोट दुखलं तर रात्री दोनला कोण दवाखाना गाठतं? आईनं ओवा दिला असेल, पोट चोळलं असेल. मीही तेच केलं असतं. साप दिसल्यावर तासभर जाणत्याकडे, म्हणजे मंत्रानं विष उतरवणाऱ्याकडे, गेला, ते चुकलंच. पण माझे सख्खे काका, वर्ध्याला वकिली करणारे, विंचू चावल्यावर आधी उतरवणाऱ्याकडे गेले होते, नंतर माझ्याकडे. भीतीनं माणूस जवळच्या आणि ओळखीच्या दाराशी जातो. पहाटे तीनला पोडाच्या जवळचं दार जाणत्याचं होतं. दवाखान्याचं दार नाल्यापलीकडे.

आता मामाच्या वाक्याकडे येते. ते तुमच्या उशाशी येऊन बसलंय. तुम्ही ते आरोप म्हणून ऐकलंत. मला ते वाचताना वाटलं, हा माणूस स्वतःशी बोलत होता. जाणत्याकडे मुलीला खांद्यावर घेऊन तोच गेला होता, असं तुम्हीच पत्राच्या चौथ्या पानावर लिहिलंय. तो तास त्याला कधीतरी मोजावा लागणार आहे. त्या सकाळी तो मोजणं त्याच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून त्यानं तुमची मिनिटं मोजली. माझा अंदाज चुकूही शकतो. पण सरकारी दवाखान्यात तेहेतीस वर्षं कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून एवढं कळलं की पहिली शिवी बहुधा चुकीच्या माणसाला बसते.

आणि माझीही एक गोष्ट सांगून टाकते. १९९२ की ९३, नक्की आठवत नाही. मी एका ग्रामीण रुग्णालयात होते, रुग्णवाहिका म्हणजे मागे दोन बाकडी टाकलेली जीप. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसलेली बाई घेऊन आम्ही नागपूरला निघालो. मी मागून ड्रायव्हरवर ओरडत होते, "अहो, पाय ठेवा ना जरा!" ते गृहस्थ काही बोलले नाहीत. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मी शिरेत सुई घालायला वाकले की गाडी हळू होते, सुई बसली की परत वेग धरते. आरशात बघून चालवत होते. बाई वाचली. त्यांना सॉरी म्हणायला मला अकरा वर्षं लागली, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. तेव्हा ते हसून म्हणाले, "मॅडम, मले वाटलं तुमाले मालूम हाय." म्हणजे तुमच्या कामाचं खरं कौशल्य काय असतं ते मागे बसलेल्या डॉक्टरलाही कळायला वेळ लागतो. मामाला एका पहाटेत कसं कळावं?

पण तुम्ही हल्ली रिकामी गाडीही पळवता, त्याबद्दल मात्र मी डॉक्टरांच्या बाजूनं आहे. तुम्ही त्या तीन मिनिटांचा पाठलाग करताय. ती गेली. आता जे समोरून येतात ते सायकलवरचं पोर आणि पोळ्याला सजवून आणलेली बैलजोडी आहे. (बैलांचं निघालंच म्हणून: बैलगाडी समोर असली की भोंगा बंद करून नुसता दिवा ठेवायचा, हे तुम्हाला माहीत असेल. नव्या मुलांना सांगा. बिथरलेला बैल अख्खा रस्ता अडवतो.)

मग तुमच्या हातात काय होतं आणि आहे? वेगापेक्षा पुष्कळ. हे फक्त तुमच्यासाठी लिहीत नाही. गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत जे गाडी घेऊन फिरतात त्यांनीही वाचावं.

पहिलं, जागा सापडणं. तुम्ही लिहिलंय की नाल्यापाशी पोचून पुढची पंचवीस मिनिटं पाणी, चिखल आणि खाट यात गेली. १०८ लावला की फोन पुण्याला लागतो. पलीकडच्या मुलीला पोड म्हणजे काय ते ठाऊक असायचं कारण नाही, आणि सांगणारा अर्धं कोलामीत, अर्धं मराठीत बोलतो, तेही पाण्याच्या टाकीवर चढून, कारण नेटवर्क तिथेच. तेव्हा कॉल हातात आला की तुम्ही स्वतः त्या नंबरवर परत फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. गाडी कुठपर्यंत येते? रपट्यावर पाणी किती, गुडघा की मांडी? फाट्यावर बॅटरी घेऊन कोण उभं राहील? शेवटच्या प्रश्नानंच दहा मिनिटं वाचतात. आणि एक वही करा. तुमच्या हद्दीतलं प्रत्येक पोड, तांडा, टोला: पावसाळ्यात कुठून तुटतं, दुसरी वाट कोणती, आशाताईंचा नंबर, पोलीस पाटलांचा नंबर. रजेवर जाल तेव्हा ती वही गाडीतच राहू द्या.

दुसरं, गाठ वाटेत पडणं. आपल्याकडे लोक रुग्णाला ओसरीवर ठेवून गाडीची वाट बघतात, कारण "बोलावलंय ना, येईल." साप चावलेला माणूस अजून बसू शकत असेल तर त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून एकानं घट्ट धरून, निघावं आणि रुग्णवाहिकेला वाटेत गाठावं. फोनवर हे तुम्हीच सांगू शकता: "निघा, मी समोरून येतो, अमुक फाट्यावर भेटू." दोन्हीकडून अंतर कापलं जातं. श्वासाला त्रास होत असेल, मान टाकली असेल तर मात्र हे नको.

तिसरं, मागचा दुसरा हात. आपल्या राज्यात १०८ च्या गाड्यांत डॉक्टर असतो, ही चांगली गोष्ट. २०१४ साली सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांची, त्यांतल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटर वगैरे जास्तीचं सामान, बाकी ७०४ साध्या. साधी गाडी असली की श्वास द्यायचा तो हातानं. तुम्ही पुढे, डॉक्टर मागे एकटे. एका हातानं मास्क आणि दुसऱ्या हातानं पिशवी, तासभर, हे शिकलेल्या माणसालाही जमत नाही. म्हणून नातेवाइकांतला एक धडधाकट, कमी रडणारा माणूस पुढच्या सीटवर बसवण्याऐवजी मागे घ्या. डॉक्टर दोन्ही हातांनी मास्क धरतील, तो पिशवी दाबेल. शिकवायला अर्धं मिनिट लागतं: छाती उचललेली दिसेपर्यंत दाबायची, सोडायची, पाच-सहा सेकंद होऊ द्यायचे, परत. लहान मुलाला त्याहून थोडी लवकर, डॉक्टर हातानं ठेका देतील तशी. डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा. असा माणूस मग तुमच्या कानाशी "जोरात घ्या" म्हणत नाही. त्याच्या हाताला काम असतं, आणि तुम्ही हळू का घेताय ते त्याला हातातच कळतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. ऑक्सिजनचं लहान सिलिंडर, ज्याला बी टाइप म्हणतात, भरलेलं असेल तर त्यात साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला दहा लिटर सोडला तर अडीच तास पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास, आणि तुमचं जिल्ह्याचं ठिकाण तासभरावर. ड्यूटी घेताना काटा बघा. सिलिंडरची चावी सुतळीनं सिलिंडरलाच बांधून ठेवा. तिच्या शोधात मी माणसं गाडीखाली वाकलेली पाहिली आहेत. निघताना पुढच्या रुग्णालयाला फोन गेला का, ते डॉक्टरांना विचारा. त्यांचे हात गुंतलेले असतील तर निघण्याआधी नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरा. काय आहे, वय काय, काय दिलं, किती मिनिटांत पोचतोय, एवढं पुरे. फाटकात ट्रॉली घेऊन माणूस उभा असणं, आणि आपण आत जाऊन ट्रॉली शोधणं, यात जितका वेळ जातो तितका तुम्ही अख्ख्या रस्त्यावर वेग वाढवून वाचवू शकत नाही.

गावातल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण हे सदर तेही वाचतात. साप चावला तर दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलू देऊ नका, कुशीवर झोपवा, निघा. आणि साप मारून आणू नका. तुम्ही लिहिलंय ना, गाडी धुताना सीटखाली खताच्या पिशवीत ती मेलेली मण्यार सापडली आणि तुम्ही तिथेच खाली बसलात. ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. लोकांना वाटतं, साप दाखवला तर नेमकं औषध मिळेल. आपल्याकडे मिळतं ते एकच औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही निघाला तरी अडत नाही. पावसाळ्यात लेकरांना खाटेवर झोपवा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यारीला ती पुरते.

आता नोकरी.

बायको सोडा म्हणते, तर तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. बारा-बारा तासांच्या पाळ्या, घरी येऊन न बोलणारा नवरा आणि रात्री झोपेत क्लच दाबणारा पाय, हे ती बघते. मी तर फक्त पत्र वाचलं. शाळेची बस चालवणं हे कमी प्रतीचं काम नाही, आणि सोडलंत तर कुणी त्याला पळणं म्हणू नये. मी म्हणणार नाही. फक्त झोप उडालेली असताना हा निर्णय घेऊ नका. थकलेल्या माणसाला सगळ्या वाटा एकाच दिशेनं जाताना दिसतात. आधी आठ-दहा दिवसांची रजा मागा, आजारपणाची म्हणून मागा, कारण हे आजारपणच आहे. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. नाव सांगायची गरज नाही. झोप, ते वाक्य, गाडी पळवणं, सगळं तिथे सांगा. महिन्याभरानं परत विचार करा. तेव्हाही शाळेची बसच हवीशी वाटली तर घ्या. मधली वाटही आहे: तुमच्यासारख्या आठ वर्षांच्या माणसाला रात्रीच्या पाळीतून काही महिने काढून नव्या चालकांसोबत बसवता येईल का, हे वरिष्ठांना लेखी विचारा. नाही म्हणाले तर म्हणाले.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, तिचं मला आश्चर्य वाटलं. चार पानांत त्या डॉक्टरांचा उल्लेख फक्त "रागावतात" एवढ्यापुरता आहे. त्या पहाटे तासभर एकट्यानं पिशवी दाबणारा, मग छाती दाबणारा तो माणूस. तुमच्याहून लहानच असेल, नाही का? त्याला झोप लागते का? आपल्याकडे अशा कॉलनंतर गाडी धुतली जाते, रजिस्टर भरलं जातं आणि दोघंही पुढच्या कॉलला निघतात. त्यांना घेऊन एकदा चहाला बसा, ड्यूटी नसताना. ४:२० पासून ७ पर्यंतची रात्र दोघं मिळून पुन्हा मांडा. तुम्हाला आरशातून जे दिसलं नाही ते ते सांगतील, आणि त्यांना समोरचा रस्ता दिसला नव्हता तो तुम्ही सांगा. पुढच्या वेळी काय वेगळं करायचं, ते त्याच बैठकीत ठरवा. "हळू" म्हणजे नक्की किती हळू, हेसुद्धा. अनेक जोड्या एक खूण ठरवतात, मागून पत्र्यावर दोन थापा म्हणजे आता सुई घालतोय.

आणि पोडावर जायचं का? जा. रुग्णवाहिका घेऊन नको, गणवेशही नको. आशाताईंना आधी विचारा, घरच्यांची तयारी आहे का. नको म्हणाले तर थांबा. गेलात तर सफाई देऊ नका, हा वरचा मिनिटांचा हिशेब तर अजिबात सांगू नका, तो मी तुमच्यासाठी मांडलाय. बसा, चहा देतील तो प्या, मामा बोलला तर ऐका. पुन्हा तेच वाक्य बोलला तरी ऐका. निघताना वही काढून नाल्यापासूनची वाट त्यालाच विचारा, पाणी चढलं की वरच्या अंगानं कुठून उतरता येतं, टाकीपाशी कुणाच्या फोनला रेंज असते, आणि रात्री गाडी आली तर फाट्यावर बॅटरी घेऊन कोण येईल. तो नाव सांगेल ते लिहून घ्या. त्याचं स्वतःचंच सांगितलं तर तेही लिहा, नंबरासकट.